जुना लिनक्स सर्व्हर नव्या यंत्रावर नेताना: परतीची वाट राखून केलेले स्थलांतर

प्रश्नकर्त्यांची परिस्थिती थोडक्यात अशी आहे. सात वर्षे जुन्या डेस्कटॉप संगणकाचा त्यांनी सर्व्हर केलेला आहे. त्यावर डेबियन ११ ही लिनक्सची आवृत्ती चालते, प्रणाली १२० गिगाबाइटच्या एसएसडीवर आहे आणि सारी माहिती ४ टेराबाइटच्या दोन डिस्कवर एमडीएडीएम या साधनाने बांधलेल्या मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती असलेल्या जोडीत, आहे. सांबा या प्रोग्रॅममधून फाइलींची देवाणघेवाण, डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या बंद पेट्यांत, म्हणजे कंटेनरांत, चालवणारे साधन) चालणारा छायाचित्रांचा संग्रह व त्यामागचा पोस्टग्रेस डेटाबेस, आणि एक छोटे संकेतस्थळ एवढी कामे ते यंत्र करते. ८ गिगाबाइट मेमरी आता पुरत नाही आणि एका डिस्कच्या स्मार्ट नोंदींत (डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते त्या) ८ ‘पेंडिंग सेक्टर’ दिसू लागले आहेत. म्हणून नवा मदरबोर्ड, ३२ गिगाबाइट मेमरी आणि १६ टेराबाइटच्या दोन डिस्क घेऊन, जुनी एसएसडी नव्या बोर्डाला जोडायची, त्याच दिवशी डेबियन १३ वर जायचे आणि माहितीही झेडएफएस या फाइल-प्रणालीवर हलवायची, असा त्यांचा बेत आहे. हा क्रम बरोबर आहे का आणि झेडएफएस घ्यावेच का, हे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

सुट्या सुट्या पाहिल्या तर यातली प्रत्येक गोष्ट करण्यासारखीच आहे. त्या सगळ्या एका दिवशी आणि त्याच एसएसडीवर करणे मात्र मी टाळेन. संध्याकाळी यंत्र सुरू झाले नाही तर दोष बोर्डाचा, मेमरीचा, कर्नलचा (लिनक्सचा गाभा), ग्रब या यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा की नव्या फाइल-प्रणालीचा हे शोधण्यातच रात्र जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे सकाळी परत जाण्यासाठी चालू स्थितीतले काहीच उरलेले नसेल, कारण जुने यंत्र उघडून ठेवलेले असेल आणि जुनी एसएसडी अर्धवट बदललेली असेल. तुम्ही नवे बोर्ड आणि नव्या डिस्क दोन्ही घेतच आहात, म्हणजे जुने यंत्र जसेच्या तसे चालू ठेवून शेजारी नवे उभे करण्याची सोय तुम्हाला आहे. ती सोय सोडून देऊ नये. पुढे जे सांगतो आहे त्यातली प्रत्येक पायरी अशी आहे की ती फसली तरी आदल्या पायरीवर परतता येते.

सर्वांत आधी त्या ८ सेक्टरांकडे (सेक्टर म्हणजे डिस्कवरची माहिती साठवण्याची छोटी जागा) पाहू, कारण बाकीचे सगळे थांबू शकते, हे थांबू शकत नाही. आजच्या बहुतेक डिस्कमध्ये प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा असतो, पण डिस्क बाहेर तो ५१२ बाइटचे आठ तुकडे म्हणून दाखवते. त्यामुळे ८ हा आकडा बहुतेकदा एकाच खराब जागेचा असतो. ‘पेंडिंग’ याचा अर्थ एवढाच की ती जागा वाचता आली नाही आणि तिच्यावर पुन्हा लिहिले गेल्याखेरीज डिस्क तिचा निकाल लावणार नाही. आकडा स्थिर राहिला तर घबराटीचे कारण नाही. तो आठवड्याभरात वाढत गेला, किंवा पाचव्या क्रमांकाचा ‘रिअ‍ॅलोकेटेड’ (राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांचा) आकडाही सोबत वर चढला, तर ती डिस्क निरोप घेते आहे असे समजावे. १९९ व्या क्रमांकाचा सीआरसी दोष (वाटेत माहिती बिघडल्याचा) वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देऊ नये. तो जवळजवळ नेहमी सैल किंवा खराब साटा केबलचा असतो. मिररची पूर्ण तपासणी चालवली की एमडीएडीएम न वाचता आलेली जागा दुसऱ्या डिस्कवरून वाचून पहिलीवर पुन्हा लिहिते आणि बऱ्याचदा पेंडिंग आकडा शून्यावर येतो. पण ही तपासणी दोन्ही डिस्कना तासन्‌तास राबवते. म्हणून आधी बॅकअप आणि मग तपासणी. उलटे कधीही नको.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य इतक्यांदा म्हटले गेले आहे की ते आता कानांवरून घसरते, म्हणून कारण सांगतो. मिरर एकाच प्रकारच्या संकटापासून वाचवतो, ते म्हणजे एका डिस्कचा मृत्यू. चुकून पुसलेले फोल्डर, बिघडलेला डेटाबेस, खंडणीखोर प्रोग्रॅमने कुलूपबंद केलेल्या फाइली, किंवा पॉवर सप्लायने एकाच झटक्यात जाळलेल्या दोन्ही डिस्क, या प्रत्येक प्रसंगी तो नुकसानाची तंतोतंत दुसरी प्रत करून ठेवतो किंवा स्वतःच नाहीसा होतो. तुमच्या बाबतीत सोपा मार्ग असा की १६ टेराबाइटच्या दोन नव्या डिस्कपैकी एक आधी तपासून घ्यावी आणि तात्पुरती बॅकअपची डिस्क म्हणून वापरावी. रेस्टिक किंवा बॉर्ग यांपैकी कोणतेही साधन चालेल. दोन्ही पुनरावृत्त तुकडे एकदाच साठवतात आणि प्रत कूटबद्ध करू शकतात. गिगाबिट जाळ्यावरून ४ टेराबाइट जायला सलग दहा तास तरी लागतात, आणि लहान लहान फाइली लाखांनी असतील तर त्याहून बरेच अधिक. बॅकअप झाला की त्यातून एक फोल्डर दुसऱ्या संगणकावर परत काढून पाहावे आणि छायाचित्रे उघडून पाहावीत. हे केले नाही तोवर बॅकअप झाला असे मी मानत नाही.

नव्या डिस्क तपासून घेणे याचा अर्थही स्पष्ट करतो. एवढ्या मोठ्या डिस्कची सुरुवातीपासून शेवटापर्यंतची एक फेरी, सरासरी २०० मेगाबाइट प्रतिसेकंद धरले तरी, साधारण २२ तासांची होते. बॅडब्लॉक्स या साधनाची लिहून तपासण्याची नेहमीची पद्धत चार नमुने लिहिते आणि चार वेळा वाचते, म्हणजे आठ फेऱ्या, म्हणजे सात दिवसांहून अधिक. शिवाय ब्लॉकचा आकार ४०९६ दिला नाही तर एवढ्या क्षमतेवर ते चालतच नाही. मी स्वतः एक पूर्ण लेखन, एक पूर्ण वाचन आणि शेवटी स्मार्टची दीर्घ चाचणी एवढ्यावर समाधान मानतो. ज्या डिस्क मरायच्या असतात त्यांतल्या बऱ्याच सुरुवातीच्या काळातच मरतात, आणि तो काळ त्यांनी माझी माहिती पोटात घेण्याआधी घालवावा एवढाच या कसरतीचा हेतू. डिस्क विकत घेण्यापूर्वी आणखी एक पाहावे: ती सीएमआर पद्धतीची आहे की एसएमआर. एसएमआरमध्ये लेखनाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे सलग लेखन लांबले की वेग कोसळतो. २०२० साली घरगुती साठवणुकीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क गाजावाजा न करता एसएमआर केल्याचे उघड झाले, तेव्हा झेडएफएसचा मिरर पुन्हा बांधायला तासांऐवजी दिवस लागल्याचे अनेकांनी अनुभवले. १६ टेराबाइटच्या गटात ही अडचण सहसा येत नाही, पण उत्पादकाच्या तपशीलपत्रात ते पद्धतीचे नाव पाहून घ्यायला दोनच मिनिटे लागतात.

आता पॉवर सप्लायबद्दल, आणि इथे मी थोडा वेळ थांबणार आहे. नव्या बोर्डासोबत बहुधा तुम्ही नवा सप्लायही घ्याल, आणि जुन्या पेटीत आधीच ओवलेल्या केबल काढायचा कंटाळा म्हणून त्याच केबल नव्या सप्लायला लावण्याचा मोह होईल. सुट्या केबलांच्या सप्लायमध्ये डिस्कच्या बाजूचा जोड प्रमाणित असतो, सप्लायच्या बाजूचा नसतो. आकार जुळतो, केबल बसते, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट येऊ शकतात. माझ्या हातून हे एकदा घडलेले आहे. बटण दाबल्यावर बारीक ‘टक’ असा आवाज आला, जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि मिररच्या दोन्ही डिस्क एकाच सेकंदाला गेल्या. त्या दिवशी वाचवले ते दुसऱ्या इमारतीत ठेवलेल्या तिसऱ्या प्रतीने. म्हणून नियम सरळ ठेवावा: ज्या सप्लायच्या खोक्यातून केबल निघाली त्याच सप्लायला ती लागेल, एकाच कंपनीचे दोन वेगळे सप्लाय असले तरीही. चार टाचण्यांच्या जुन्या मोलेक्स जोडावरून साटा करणारे ओतीव प्लास्टिकचे अडॅप्टरही टाळावेत. आत तारा एकमेकींना टेकून ते पेट घेऊ शकतात.

दुसरी गंमत अशी की उद्योगांसाठी बनवलेल्या काही मोठ्या डिस्क काही जुन्या सप्लायवर फिरतच नाहीत आणि माणूस त्या मृत समजून परत पाठवतो. साटाच्या नव्या प्रमाणात तिसरी टाचणी डिस्क बंद करण्यासाठी वापरली जाते, आणि जुने सप्लाय त्याच टाचणीवर सतत ३.३ व्होल्ट देत असतात. ती तार न देणारी केबल लावली की डिस्क जिवंत होते. बोर्डाची पुस्तिकाही डिस्क लावण्यापूर्वी वाचावी, कारण अनेक बोर्डांवर एम-२ ची (पातळ एसएसडी खोचण्याची) एखादी जागा वापरली की साटाचे एकदोन पोर्ट गपचूप बंद पडतात.

नवे यंत्र जुळवल्यावर त्यावर काहीही बसवण्याआधी मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू द्यावा. एकही दोष दिसला तर मेमरी बदलावी. ‘एकच तर दोष आहे’ हा हिशेब मेमरीला लागू होत नाही. ईसीसी (स्वतःतल्या चुका ओळखून सुधारणारी) मेमरी आणि तिला साथ देणारा बोर्ड परवडत असेल तर जरूर घ्यावा, पण डीडीआर५ च्या जाहिरातीत दिसणारे चिपमधले ईसीसी म्हणजे तेच, असे समजू नये. ते चिपच्या आतले दोष सुधारते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक त्याला कळत नाही. याच वेळी बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या मूळ मांडणीत) वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय चालू करावी आणि कीबोर्ड व पडदा काढून ते खरोखर सुरू होते का हे पाहावे. काही बोर्ड पडदा जोडलेला नसेल तर पुढे सरकतच नाहीत, आणि हे नंतर, आठशे किलोमीटर दूर असताना कळणे त्रासाचे असते.

जुनी एसएसडी नव्या बोर्डाला जोडण्याच्या बेताबद्दल माझा आक्षेप तत्त्वाचा नाही. लिनक्स हा प्रकार इतर प्रणालींपेक्षा पुष्कळ सहज सोसतो. डेबियनची प्राथमिक रॅम-प्रतिमा (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चढणारा छोटा संच) मुळातच बहुतेक ड्रायव्हर सोबत घेऊन फिरते. पण तुमच्या बाबतीत चार खड्डे एका ओळीत आहेत. सात वर्षांपूर्वीची मांडणी जुन्या बायोस पद्धतीने केलेली असण्याची शक्यता बरीच आहे आणि नव्या बोर्डांत ती पद्धत अनेकदा नसतेच. यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेतलेली पद्धत) असले तरी बूटची नोंद बोर्डाच्या स्मृतीत राहते, डिस्कसोबत येत नाही. डेबियन ११ चा मूळ कर्नल ५.१० आहे, त्याला नव्या बोर्डावरची नेटवर्क चिप ओळखता येईलच असे नाही. ओळखली तरी तिचे नाव बदलेल, कारण डेबियनमध्ये नेटवर्क पोर्टचे नाव ती पीसीआय मार्गावर कुठे बसली आहे यावरून ठरते. काल जे ईएनपी३एस० होते ते आज ईएनपी५एस० होते, आणि तुमची नेटवर्कची फाइल जुन्याच नावाची वाट पाहत राहते. (हे निव्वळ एखादे कार्ड खोचल्यानेही घडते. मॅक पत्त्यावरून (नेटवर्क चिपच्या कायम क्रमांकावरून) स्वतःचे नाव देणारी छोटीशी लिंक-फाइल सिस्टमडीला (सेवा सुरू करणाऱ्या लिनक्सच्या भागाला) दिली की हा ताप कायमचा जातो.) चौथा खड्डा एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, असतो. तिथे नमूद केलेली एखादी डिस्क सापडली नाही आणि तिच्यापुढे ‘नोफेल’ (नसली तरी पुढे जा) लिहिलेले नसेल, तर सिस्टमडी यंत्र आपत्कालीन अवस्थेत नेऊन थांबवते आणि एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) सुरूच होत नाही. पडदा नसलेल्या यंत्राला हे म्हणजे तोंड मिटून बसणे.

शिवाय त्या एसएसडीवरून डेबियन १३ गाठायचे तर मध्ये १२ वर थांबावे लागेल. एक आवृत्ती गाळून उडी मारण्याला डेबियनचा पाठिंबा नाही. म्हणजे दोन पूर्ण स्थलांतरे, त्यांत पीएचपी ७.४ वरून ८.२ आणि मग ८.४, पायथन ३.९ वरून ३.११ आणि मग ३.१३. यंत्र एकच असते आणि बदलणार नसते, तर मी हाच मार्ग सांगितला असता: प्रत्येक आवृत्तीची प्रकाशन-टिपणे वाचा, एसएसएच तुटली तरी काम चालू राहावे म्हणून टीमक्सच्या आत काम करा, बाहेरून आलेली पॅकेज-भांडारे आधी बंद करा, आधी किमान सुधारणा आणि मग पूर्ण सुधारणा असा क्रम ठेवा. पण तुमच्यापुढे कोरे यंत्र आहे. कोऱ्या यंत्रावर डेबियन १३ नव्याने बसवावे आणि सात वर्षांचा साचलेला गाळ जुन्याच एसएसडीवर राहू द्यावा. डेबियन १२ पासून अधिकृत प्रतिष्ठापनेतच मुक्त नसलेले फर्मवेअर येत असल्याने नेटवर्क चिपसाठी वेगळी धावपळ करावी लागत नाही. १३ ची स्थिर आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि तिचा कर्नल ६.१२ आहे, तो आजच्या बहुतेक बोर्डांना पुरतो. डेबियन ११ चे दीर्घकालीन सुरक्षा-साहाय्य ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंतच आहे, त्यामुळे जुन्यावर रेंगाळत राहण्यातही अर्थ नाही.

नवे हार्डवेअर म्हणून सतत पुढे सरकणारी, म्हणजे ठरावीक आवृत्त्यांऐवजी सतत बदलत राहणारी, लिनक्स वितरणे घ्यावीत असा सल्ला काही जण देतात. सर्व्हरसाठी मला तो पटत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या दाबणी-संचात दडवलेले मागचे दार अभियंते अ‍ॅन्ड्रेस फ्रॉइंड यांनी उघड केले, ते एसएसएचला लॉगिन होताना साधारण अर्ध्या सेकंदाचा न समजणारा उशीर त्यांना खटकला म्हणून. दूषित आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१ या होत्या, आणि डेबियनच्या स्थिर आवृत्तीत त्या पोहोचलेल्याच नव्हत्या. थोडे मागे राहण्याचा हा फायदा प्रत्येक वेळी मिळेल असे नाही, पण घरच्या सर्व्हरला ताज्यापणाची गरज क्वचितच असते.

झेडएफएसचा प्रश्न. एमडीएडीएमच्या मिररमध्ये दोन प्रती आहेत, पण त्या वेगळ्या निघाल्या तर खरी कोणती हे त्याला ठरवता येत नाही. विसंगतींचा आकडा तो दाखवतो आणि दुरुस्ती करायला सांगितले तर एका प्रतीवरून दुसरी लिहून मोकळा होतो. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकसोबत त्याची बेरीज-खूण (चेकसम) साठवतो, त्यामुळे वाचतानाच खोटी प्रत ओळखू येते आणि खरीवरून तिची दुरुस्ती होते. वर्षानुवर्षे न उघडल्या जाणाऱ्या छायाचित्रांसाठी हा फरक खरा आहे, म्हणून तुम्ही झेडएफएस घ्यावे असे माझे मत आहे, पण एका मर्यादेत: प्रणाली साध्या ईएक्सटी४ फाइल-प्रणालीत एसएसडीवरच ठेवावी आणि झेडएफएस फक्त दोन मोठ्या डिस्कवर. कारण परवान्यांच्या विसंगतीमुळे झेडएफएस मुख्य कर्नलमध्ये नाही. डेबियनमध्ये ते प्रत्येक कर्नल बदलला की डीकेएमएस या साधनाद्वारे नव्याने बांधले जाते. ते बांधकाम कधी फसले तर माहितीचा साठा दिसणार नाही, पण यंत्र सुरू होईल, एसएसएच चालेल आणि जुना कर्नल निवडून परत येता येईल. मूळ प्रणालीच झेडएफएसवर असती तर हीच चूक पडदा आणि कीबोर्ड शोधत बसण्याची झाली असती.

प्रत्येक टेराबाइटमागे एक गिगाबाइट मेमरी हवीच, हा दंडक मनावर घेऊ नये. तशी भूक डीडुप्लिकेशन (सारखे तुकडे एकदाच साठवणे) चालू केले तरच लागते आणि ते चालू करण्याचे तुम्हाला काही कारण नाही. ३२ गिगाबाइट भरपूर आहेत. पूल (झेडएफएसने एकत्र बांधलेला डिस्कचा साठा) बांधताना अ‍ॅशिफ्ट १२ (४०९६ बाइटचा सेक्टर धरणारी मांडणी) द्यावा, कारण ती किंमत नंतर बदलता येत नाही. डिस्क एसडीए, एसडीबी अशा नावांनी नव्हे तर त्यांच्या अनुक्रमांकावरून बनलेल्या कायम नावांनी जोडाव्यात, म्हणजे मध्यरात्री एक डिस्क काढताना खोक्यावरचा क्रमांक पाहून हात योग्य डिस्कला लागेल. एलझेड४ ची दाबणी (माहिती लहान करून साठवणे) चालू ठेवावी. महिन्यातून एकदा स्क्रब (साऱ्या साठ्याची पडताळणी), रोज स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती जपणे). आणि पूलची वैशिष्ट्ये सुधारा असे झेडएफएस सुचवू लागले की लगेच होकार देऊ नये: ती सुधारणा एकेरी असते, आणि तिच्यानंतर जुन्या आवृत्तीच्या बचाव-डिस्कवर पूल उघडेलच याची खात्री उरत नाही.

तात्पुरत्या बॅकअपसाठी वापरलेली डिस्क पुलात कशी आणायची, असे तुम्ही विचाराल. पूल आधी दुसऱ्या एकट्या डिस्कवर बांधावा, माहिती जुन्या सर्व्हरवरून त्यात आणावी, पडताळावी, आणि मगच पहिली डिस्क पुसून मिररची जोडीदार म्हणून जोडावी. झेडएफएसमध्ये एकट्या डिस्कला नंतर जोडीदार देता येतो. त्या दरम्यान माहितीच्या प्रती किती आहेत ते मोजा: जुना मिरर, बॅकअपची डिस्क आणि नवा पूल. डिस्क पुसल्यावरही जुना मिरर शिल्लक राहतो. यात एकच कच्चा दुवा आहे तो म्हणजे जुन्या मिररमधली ती ८ सेक्टरांची डिस्क, आणि म्हणून पडताळणी घाईने उरकू नये.

माहिती आणायला आरसिंक (फक्त बदललेले पुन्हा नेणारे साधन) उत्तम. पहिली फेरी सगळे चालू असतानाच करावी. ती तासन्‌तास चालेल, चालू द्यावी. दुसरी फेरी सेवा बंद करून करावी. ती काही मिनिटांत संपते, आणि प्रत्यक्ष खंड तेवढाच. हार्ड लिंक (एकाच फाइलीची दुसरी नावे), एसीएल (परवानग्यांच्या याद्या) आणि विस्तारित गुणधर्म जपण्याचे पर्याय द्यावेत, आणि मालकी नावांवरून नव्हे तर वापरकर्त्यांच्या आकड्यांवरून न्यावी. नव्या यंत्रावर वापरकर्ते वेगळ्या क्रमाने बनवले गेले तर १००१ हा आकडा दुसऱ्याच माणसाचा होतो आणि एकाच्या खाजगी फाइली दुसऱ्याच्या नावावर चढतात. म्हणून वापरकर्ते बनवताना जुनेच आकडे द्यावेत. सांबाचे पासवर्ड प्रणालीच्या पासवर्डांत नसतात, त्यांची स्वतंत्र टीडीबी फाइल असते. ती विसरली तर फाइली दिसतात पण दार उघडत नाही.

डेटाबेसच्या बाबतीत मात्र चालू असलेल्या पोस्टग्रेसचे फोल्डर आरसिंकने उचलणे ही चूक कधी करू नये. ती प्रत दिसायला पूर्ण असते आणि आतून फाटलेली असते. डंप (डेटाबेसनेच बाहेर लिहून दिलेली प्रत) काढावा आणि नव्या कंटेनरमध्ये तो भरावा. डंप न काढता कंटेनर बंद करून फोल्डरच न्यायचे असेल तर नव्या जागीही पोस्टग्रेसची तीच मुख्य आवृत्ती हवी, कारण १३ चे फोल्डर १७ उघडत नाही. तुमचा डेटाबेस डॉकरमध्ये असल्याने यजमान प्रणाली बदलली तरी त्याची आवृत्ती तीच ठेवता येते, आणि मी तसेच करेन: आधी जागा बदला, आवृत्ती महिन्याभराने. कंटेनरच्या टॅगमध्ये (आवृत्ती सांगणाऱ्या खुणेत) ‘लेटेस्ट’ लिहिलेले असेल तर त्याआधी तिथे निश्चित क्रमांक घाला, नाहीतर जागा आणि आवृत्ती दोन्ही तुमच्या नकळत एकदम बदलतील.

नव्या यंत्राला सुरुवातीला वेगळा पत्ता द्यावा, सर्व सेवा त्याच पत्त्यावर दोनतीन दिवस वापरून पाहाव्यात, आणि मग एका शांत वेळी जुने यंत्र बंद करून त्याचा पत्ता नव्याला द्यावा. जुन्या एसएसएचच्या यजमान-किल्ल्या (यंत्राची ओळख पटवणाऱ्या) सोबत आणल्या तर घरातल्या कोणाच्याही संगणकावर ओळख बदलल्याचा भयंकर इशारा येणार नाही. तुमची स्वतःची किल्ली सात वर्षांपूर्वीची, जुन्या डीएसए प्रकारची असेल तर ती डेबियन १३ मध्ये चालणार नाही. जुने यंत्र बंद करण्यापूर्वी ईडी२५५१९ प्रकारची नवी किल्ली करून घ्यावी आणि पासवर्डने लॉगिन बंद करावे.

डॉकर वापरणाऱ्या बहुतेकांना एक गोष्ट उशिरा कळते, म्हणून ती आत्ताच सांगतो. यूएफडब्ल्यू या फायरवॉलने पोर्ट बंद केला तरी डॉकरने प्रसिद्ध केलेला पोर्ट उघडाच राहतो, कारण डॉकरचे नियम नेटवर्कवरून आलेल्या माहितीच्या पाकिटांना यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोहोचूच देत नाहीत. पोस्टग्रेसचा पोर्ट बाहेर द्यायचाच नाही. द्यावा लागलाच तर १२७.०.०.१ या, यंत्रापुरत्याच असलेल्या, पत्त्याला बांधून द्यावा. बाहेरून सर्व्हरपर्यंत येण्यासाठी एकेक सेवा उघडण्यापेक्षा वायरगार्ड हा व्हीपीएन (खाजगी बोगदा) बरा: तो २०२० पासून कर्नलमध्येच आहे, एकच यूडीपी पोर्ट घेतो आणि अनोळखी पाकिटाला उत्तरच देत नाही. इंटरनेट सेवादात्याने तुम्हाला अनेक ग्राहकांच्या सामाईक पत्त्यामागे ठेवले असेल तर भाड्याचे एक छोटे आभासी यंत्र मध्ये ठेवावे लागते. संकेतस्थळही मग त्याच वाटेने येऊ द्यावे.

विजेचा हिशेब करून पाहावा. वर्षभर अखंड चालणारा एक वॅट म्हणजे ८.७६ युनिट. जुने यंत्र रिकामे बसून ५५ वॅट खात असेल आणि नवे २५, तर वर्षाला सुमारे २६३ युनिटांचा फरक पडतो, आणि नवा बोर्ड घेण्याचे ते एक प्रामाणिक कारण आहे. पण त्यासाठी डिस्क दर दहा मिनिटांनी झोपवू नयेत. दिवसभर झोपणे-उठणे डिस्कला मानवत नाही आणि वाचलेले वॅट त्या मानाने किरकोळ असतात. यूपीएस असेल तर तो यूएसबीने जोडून नट (एनयूटी) या प्रोग्रॅमच्या साहाय्याने बॅटरी संपण्याआधी यंत्र बंद होईल असे करावे, आणि एकदा खरोखर प्लग काढून पाहावे.

पत्ता बदलल्यानंतर जुने यंत्र विझवून बाजूला ठेवावे, पण त्यातून काहीही काढू नये. बटण दाबले की सर्व्हर जसाच्या तसा उभा राहील अशा स्थितीत ते महिनाभर असावे. डेबियनच्या झेडएफएस पॅकेजात स्क्रबची वेळ महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी लावलेली असते. तो पहिला स्क्रब शून्य दोषांनी पार पडला, आणि नव्या पुलावरून दुसऱ्या जागी गेलेल्या बॅकअपमधून एक फोल्डर परत काढून पाहिले, की त्या दिवशी जुन्या दोन डिस्क बाहेर काढाव्यात. चांगली निघालेली डिस्क पुसून बाहेर ठेवायच्या प्रतीसाठी वापरावी. ८ सेक्टरांची डिस्क पुसून झाल्यावर तिच्यावर ठळक अक्षरांत ‘खराब’ असे लिहावे, नाहीतर वर्षाभराने घाईच्या वेळी खणातून नेमकी तीच हाताला लागते.